दोस्त राष्ट्रे, अक्ष राष्ट्रे आणि उदगीरचे मैदान

दुसऱ्या महायुद्धाविषयी मराठीत लिहिताना आपण एका बाजूस ‘दोस्त राष्ट्रे’ म्हणतो आणि दुसऱ्या बाजूस ‘अक्ष राष्ट्रे’. हे शब्द शालेय पाठ्यपुस्तकांतून इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांच्यातला फरक सहसा जाणवत नाही. ‘दोस्त’ हा फारसीतून आलेला, माणसामाणसांतील नात्याचा, उबदार शब्द. ‘अक्ष’ हा भूमितीतला, कोरडा. मुसोलिनीने १९३६ च्या नोव्हेंबरात रोम-बर्लिन अक्षाची भाषा केली, म्हणजे ही संज्ञा त्या पक्षानेच स्वतःसाठी निवडली होती, हे खरे. तथापि मराठीत येताना एका युतीला जिव्हाळा चिकटला आणि दुसरीला तो चिकटला नाही. स्तालिन आणि चर्चिल यांच्यात दोस्ती होती काय, असा प्रश्न मग कोणी विचारत नाही. जर्मनी आणि जपान एकत्र कसे आले, हा प्रश्न मात्र वर्गावर्गांतून हमखास विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे. वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त राज्याच्या पायाशी घालणारा जर्मनी आणि आपल्या सम्राटाला देवत्व देणारा, आशिया आशियाई लोकांचा असे सांगणारा जपान, या दोघांचे सूत जुळावे कसे? हिटलरने आपल्या आत्मचरित्रात जपानी लोकांना संस्कृतीचे वाहक म्हटले होते, निर्माते नव्हे. अशा दोघांच्या युतीचे स्पष्टीकरण आपले विद्यार्थी बहुधा एका वाक्यात देतात : दोघेही हुकूमशाही वृत्तीचे, म्हणून एकत्र आले. हे वाक्य संपूर्ण खोटे नाही. पण त्याने फारसे काही कळत नाही. सारख्या वृत्तीची राज्ये एकमेकांशी लढल्याची उदाहरणे इतिहासात विपुल आहेत.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे थोड्या आडवाटेने जायचे आहे. ही वाट लातूर जिल्ह्यातील उदगीरवरून जाते. विजोड राज्यांच्या युतीचे एक फार बोलके उदाहरण आपल्या भूमीत, अठराव्या शतकात घडलेले आहे, आणि ते समजून घेतले तर बर्लिन-टोकियो करारही अधिक नीट उमगतो. उलट दिशेनेही हे खरे आहे.

बर्लिन ते टोकियो

प्रथम जर्मनी-जपान संबंधांचा धावता आढावा घेऊ. मेजी काळातील जपानने आपले सैन्य आणि १८८९ ची राज्यघटना घडवताना प्रशियाचा आदर्श समोर ठेवला होता. म्हणजे सुरुवात गुरुशिष्याच्या नात्याने झाली. परंतु १८९५ साली चीनवर विजय मिळवून जपानने घेतलेला लिआओतुंग द्वीपकल्प त्याला परत करायला लावणाऱ्या तीन सत्तांमध्ये रशिया आणि फ्रान्स यांच्याबरोबर जर्मनीही होता. जपानने हे शल्य विसरले नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच जपान इंग्लंडच्या बाजूने उतरला आणि त्याने चीनच्या किनाऱ्यावरील जर्मनांचे त्सिंगताव हे ठाणे व प्रशांत महासागरातील जर्मन बेटे ताब्यात घेतली. तेव्हा १९३० च्या दशकात हे दोन देश जवळ आले ते जुन्या स्नेहाच्या आधारावर नव्हे.

जवळ येण्याची कारणे त्या दशकातच शोधावी लागतात. मांचुरियावरून निंदा झाल्यावर जपानने मार्च १९३३ मध्ये राष्ट्रसंघ सोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने सोडला. दोघेही प्रस्थापित व्यवस्थेच्या बाहेर पडले आणि दोघांनाही ती व्यवस्था मोडायची होती. दोघांच्याही मधोमध सोव्हिएत रशिया पसरलेला होता. २५ नोव्हेंबर १९३६ रोजी बर्लिनमध्ये ‘कॉमिन्टर्नविरोधी करार’ झाला तो या भूगोलातून. मात्र त्याच सुमारास जर्मन लष्करी सल्लागार चिनी सेनानी च्यांग काय-शेक याच्या पदरी होते. १९३७ साली शांघायला जपानी सैन्याशी ज्या चिनी पलटणी लढल्या त्यांतील काही जर्मनांनी शिकवून तयार केलेल्या होत्या. हे सल्लागार १९३८ साली जर्मनीने परत बोलावले, कारण तोवर चीनपेक्षा जपान अधिक उपयोगाचा ठरेल असा हिशेब बर्लिनमध्ये झाला होता.

यानंतरचा प्रसंग तर या युतीचे स्वरूप उघडे करणारा आहे. १९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियाच्या सीमेवर खालखिन गोल येथे जपानी सैन्य रशियनांशी लढत होते आणि हरत होते. नेमक्या त्याच वेळी, २३ ऑगस्ट १९३९ रोजी, जर्मनीने रशियाशी अनाक्रमणाचा करार केला. जपानला याची पूर्वकल्पना नव्हती. टोकियोतील हिरानुमा मंत्रिमंडळाने काही दिवसांतच राजीनामा दिला. रशियाविरुद्ध म्हणून जोडलेला मित्र रशियाशीच हातमिळवणी करून मोकळा झाला होता.

असे असूनही वर्षभरातच, २७ सप्टेंबर १९४० रोजी, जर्मनी, इटली आणि जपान यांचा त्रिपक्षीय करार झाला. मधल्या काळात फ्रान्स आणि हॉलंड जर्मनीने जिंकले होते, इंग्लंड एकाकी पडला होता. परिणामी आग्नेय आशियातील त्यांच्या वसाहती, म्हणजे इंडोचीन, डच ईस्ट इंडीजचे तेल, मलायाचे रबर आणि कथील, जवळजवळ निराधार झाल्या. जपानला ते हवे होते, आणि त्या वसाहतींवर विजेता म्हणून जर्मनीने हक्क सांगू नये हेही हवे होते. जर्मनीला अमेरिकेला दोन महासागरांवरील युद्धाची धास्ती घालून युद्धापासून दूर ठेवायचे होते. करारातील कलमे पाहिली तर प्रत्येकाने आपापली पळवाट राखलेली दिसते. तोवर युद्धात नसलेल्या एखाद्या सत्तेने हल्ला केला तरच परस्परांना साहाय्य; आणि रशियाशी असलेले प्रत्येकाचे संबंध या कराराने बदलत नाहीत, असे स्वतंत्र कलम. या कलमाच्या आडोशाने जपानने १३ एप्रिल १९४१ रोजी रशियाशी तटस्थतेचा करार केला आणि जर्मनीने २२ जून १९४१ रोजी रशियावर स्वारी केली. पूर्वेकडून जपान त्या स्वारीत कधीच उतरला नाही. त्या वर्षीच्या ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा कराराच्या शब्दांनुसार जर्मनीवर काहीच बंधन नव्हते, कारण हल्ला जपाननेच केला होता. तरीही हिटलरने ११ डिसेंबरला अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले.

पुढे १८ जानेवारी १९४२ रोजी या राष्ट्रांनी लष्करी कारवायांची क्षेत्रे वाटून घेतली. सीमा म्हणून निवडले ते ७० अंश पूर्व रेखावृत्त. ही रेषा सौराष्ट्रात जामनगरजवळून जाते. म्हणजे कागदावर तरी मुंबई, हैदराबाद, नांदेड, लातूर हे सारे जपानच्या क्षेत्रात पडले होते. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात आणि उदगीर बिदर जिल्ह्यात. इथल्या शेतकऱ्याला या रेषेची वार्ता असण्याचे कारण नव्हते. परंतु दोन मित्र एकत्र लढण्याऐवजी पृथ्वीचे दोन भाग पाडून घेतात, यातच या मैत्रीचे मर्म आहे.

या दोन भागांना जोडणारा एक क्षण मात्र हैदराबादशी संबंधित आहे. सुभाषचंद्र बोस फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून जर्मन पाणबुडीतून निघाले. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात ते रबरी होडीतून जपानी पाणबुडीवर गेले. त्यांच्यासोबत एकच भारतीय सहकारी होता : हैदराबादचे आबिद हसन. जर्मनी आणि जपान यांचा प्रत्यक्ष संपर्क किती विरळ होता हे या प्रसंगावरून ध्यानात यावे. इकडे हैदराबादचा निजाम इंग्रजांच्या युद्धाला पैसा आणि माणसे पुरवत होता, तिकडे हैदराबादचा एक तरुण इंग्रजांच्या दोन शत्रूंमधल्या त्या चिंचोळ्या पाण्यातून जात होता.

उदगीर ते साल्बाई

आता मागे, अठराव्या शतकात जाऊ. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला कोंडीत पकडून निर्णायक पराभव केला. साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी ठाणी मराठ्यांना मिळाली. या विजयात मोठा वाटा तोफखान्याचा होता, आणि तो तोफखाना होता इब्राहिमखान गारदी याचा. हा इब्राहिमखान काही काळापूर्वीपर्यंत निजामाच्याच चाकरीत होता. वर्षभरात, १४ जानेवारी १७६१ रोजी, तो मराठ्यांच्या बाजूने पानिपतावर लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. निष्ठेविषयी बोलताना आपण ज्या रेषा ओढतो त्या या एका माणसाच्या चरित्रातही सरळ राहत नाहीत.

पानिपतानंतर निजामअलीने उदगीरचे उट्टे काढले. १७६३ साली त्याच्या फौजांनी पुणे लुटले, जाळले. त्या वेळी नागपूरकर जानोजी भोसले त्याच्या बाजूस होते. पुढे त्यांना परत वळवण्यात आले आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे निजामाचा पराभव होऊन त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. निजामाचा दिवाण हिंदू, मराठ्यांच्या तोफखान्याचा सरदार मुसलमान, आणि छत्रपतींचे सेनासाहेबसुभा कधी या पक्षात तर कधी त्या. हा सारा पट आजच्या बीड आणि लातूर जिल्ह्यांत घडला. धर्माच्या किंवा प्रांताच्या एका सूत्राने तो उलगडत नाही.

दक्षिणेकडे तिसरा प्रतिस्पर्धी होता हैदरअली. थोरल्या माधवरावांची कारकीर्द बरीचशी त्याच्याशी लढण्यात गेली. १७७१ साली मोती तलावाच्या लढाईत हैदराचा मोठा पराभव झाला. म्हणजे १७७२ साली माधवराव वारले तेव्हा पुणे, हैदराबाद आणि श्रीरंगपट्टण ही तीन राज्ये परस्परांची उघड वैरी होती. आणि आठ वर्षांत हीच तीन राज्ये, नागपूरकर भोसल्यांसह, इंग्रजांविरुद्ध एका कटात सामील झाली. हे कसे घडले?

प्रत्येकाची तक्रार वेगळी होती. पुणेकरांची तक्रार अशी की इंग्रजांनी १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावाला पाठीशी घातले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला पराभव पत्करूनही मुंबईकर व कलकत्तेकर इंग्रजांनी तो तह मानला नाही. निजामअलीचा राग गुंटूरवरून. हा सरकार त्याचा भाऊ बसालतजंग याच्याकडे होता आणि मद्रासकर इंग्रजांनी निजामाला बाजूला सारून भावाशी परस्पर करार केला. शिवाय उत्तर सरकारांबद्दल देय असलेली खंडणीही थकवली. हैदराचे शल्य जुने होते. १७६९ च्या मद्रासच्या तहात इंग्रजांनी परस्पर-साहाय्याचे वचन दिले होते, पण माधवराव चालून आले तेव्हा कोणी आले नाही. त्यात १७७९ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी फ्रेंचांचे माहे हे बंदर घेतले, ज्या वाटेने हैदराकडे युद्धसाहित्य येत असे. मुधोजी भोसल्यांची तक्रार सर्वांत क्षीण होती. किंबहुना १७७८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने त्यांना सातारच्या गादीचे आमिष दाखवण्याचा प्रयत्न केला होता.

नाना फडणीस आणि निजामअली या दोघांच्या प्रयत्नांतून १७७९-८० मध्ये ही चौकडी जमली. ठरले ते असे : हैदराने कर्नाटकात मद्रासवर जावे, निजामाने उत्तर सरकारांवर, भोसल्यांनी ओरिसाच्या वाटेने बंगालवर, आणि पुणेकरांनी शिंदे-होळकरांसह गुजरात-कोकणात मुंबईकर इंग्रजांना रोखावे. कृष्णेच्या दक्षिणेकडील जो मुलूख हैदराने बळकावला होता तो मराठ्यांनी या सख्यासाठी त्याच्याकडे राहू दिला. चार राज्ये, चार दिशा, चार स्वतंत्र रणांगणे. सत्तर अंशांचे रेखावृत्त येथे नव्हते, पण वाटणीची पद्धत तीच.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे, पण क्रम पाहण्यासारखा आहे. हैदराने १७८० च्या जुलैत कर्नाटकात मुसंडी मारली आणि १० सप्टेंबरला पोल्लिलूर येथे इंग्रजांची एक संपूर्ण तुकडी बुडवली. हेस्टिंग्जने गुंटूर निजामाला परत देवविले. निजामअलीची तक्रार मिटली आणि त्याची तलवार म्यानातच राहिली. मुधोजींनी मोठी फौज चिमाजी भोसल्याबरोबर कटकेस पाठवली खरी, पण ती तेथेच रेंगाळली. हेस्टिंग्जने पैसा पुरवला आणि १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची बंगाली पलटण त्याच ओरिसातून, भोसल्यांच्या मुलुखातून, हैदराशी लढण्यासाठी मद्रासकडे निघून गेली. मित्राच्या शत्रूला वाट देणारा मित्र याहून वेगळा काय असतो? अखेर १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने साल्बाईचा तह झाला. त्यात पेशव्यांनी हैदराला अर्काटच्या नबाबाचा जिंकलेला मुलूख सोडायला लावण्याचे मान्य केले. म्हणजे कालच्या सहकाऱ्याच्या विजयाचे फळ परस्पर परत करण्याचे वचन. नानांनी मान्यतेला विलंब लावला; ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारल्यानंतरच पुण्याची मोहोर उठली. १७९० साली तर पुणे आणि हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध उभे होते, आणि त्यानंतर पाच वर्षांनी, मार्च १७९५ मध्ये, हेच दोघे खर्ड्याच्या मैदानात एकमेकांसमोर.

साम्य कोठे, भेद कोठे

या दोन युत्या शेजारी ठेवल्या की काही गोष्टी लख्ख दिसतात. दोन्हींत सामायिक होता तो अडसर. ध्येय प्रत्येकाचे निराळे होते. रणांगणे वाटलेली होती, सेना कोठेही एकत्र आल्या नाहीत. एकमेकांना अंधारात ठेवून तिसऱ्याशी बोलणी झाली. आणि दोन्हींत प्रतिपक्षाचे बळ एका गोष्टीत होते : एकत्र विचार करण्याची व्यवस्था. हेस्टिंग्ज कलकत्त्यातून मद्रास आणि मुंबई या दोन्ही इलाख्यांना पैसा व पलटणी पाठवू शकत होता, त्या इलाख्यांचे आपसात कितीही बेबनाव असले तरी. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड आणि अमेरिका यांच्या सेनानींचे संयुक्त मंडळ होते. बर्लिन-टोकियोत तसे काही परिणामकारक उभे राहिले नाही. एकोणिसशे चाळीसच्या दशकातील यंत्रयुगातही नाही, मग अठराव्या शतकात जासूद-हरकाऱ्यांच्या भरवशावर ते कसे राहावे?

भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत, आणि ते न नोंदवले तर तुलना दिशाभूल करील. पहिला भेद असा की जर्मनी आणि जपान यांनी स्वतंत्रपणे तह न करण्याचा शब्द दिला होता आणि तो मोडण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. दोघेही पराभूत होईतो लढत राहिले. दक्षिणेच्या चौकडीत स्वतंत्र तहच झाले. दुसरा भेद उद्दिष्टांचा आहे, आणि तो मूलभूत आहे. १७८० ची युती ही वाढत्या परकी सत्तेला आवर घालण्यासाठी होती. अक्ष राष्ट्रांची युती जग पुन्हा वाटून घेण्यासाठी होती, आणि तिच्या छायेत नानकिंग घडले, यहुद्यांचा संहार घडला. युती का झाली हे हितसंबंधांच्या हिशेबाने सांगता येते. त्या युतीने काय केले याचा न्याय मात्र त्या हिशेबाने होत नाही. पहिला प्रश्न कारणांचा आहे, दुसरा नीतीचा, आणि वर्गात आपण नेमकी या दोहोंची गल्लत करतो. जर्मनी-जपान वाईट होते म्हणून एकत्र आले, हे उत्तर नैतिक निकाल सांगून कारणाचा शोध थांबवते.

‘यारे वफादार’

मराठवाड्याच्या दृष्टीने या कथेचा उत्तरार्ध अधिक जिव्हाळ्याचा आहे. खर्ड्याच्या वेळी निजामअलीने इंग्रजांकडे मदत मागितली होती; ती मिळाली नाही. तरीही १ सप्टेंबर १७९८ रोजी त्याने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि १८०० च्या तहाने ती कायमची झाली. कारण स्पष्ट आहे. पुणे आणि श्रीरंगपट्टण या दोन शेजाऱ्यांपैकी कोणाच्याही शब्दावर त्याचा विश्वास उरला नव्हता, आणि १७८० चा अनुभव त्यांच्याही पदरी होता. १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहाने बाजीरावही त्याच वाटेने गेला. चौकडी फसल्याची किंमत चौघांनीही निरनिराळ्या हप्त्यांत चुकवली.

हैदराबादच्या हप्त्यांचा भार मराठवाड्याने सोसला. जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे छावण्या पडल्या. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेनेच १८१९ साली हदगावजवळच्या नोव्हा येथील नौसाजी नाईकांचा हटकरांचा उठाव मोडला. फौजेच्या खर्चाचे कर्ज साचत गेले आणि १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. आणि या संपूर्ण पराधीनतेचे नाव काय होते? मैत्री. पहिल्या महायुद्धातील मदतीनंतर मीर उस्मान अली खान यांना मिळालेल्या किताबात ‘ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त’, ‘यारे वफादार’, असे शब्द होते. दीडशे वर्षे चाललेल्या वर्चस्वाला इतके गोड नाव क्वचितच मिळाले असेल.

१९४७ साली या दोस्तीची परीक्षा झाली. इंग्रजांनी सार्वभौमत्व संपुष्टात आल्याचे जाहीर केले आणि निजामाची स्वतंत्र वसाहतराज्याची मागणी मानली नाही. लंडनचा हिशेब आता दिल्लीशी होता. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, रझाकारांचे अत्याचार, सीमेवरच्या कॅम्पांतून चाललेला लढा, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, हा इतिहास इथल्या घराघरांत ठाऊक आहे. पण त्या पाच दिवसांत ‘विश्वासू दोस्ता’साठी कोणीही आले नाही, यामागे १७८० पासूनचा एक धडा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. दोस्ती हा शब्द करारात असतो. मदतीला येणे मात्र त्या घडीच्या गरजेवर ठरते.

बखर आणि पत्र

साहित्याच्या विद्यार्थ्याने हे सारे कशासाठी वाचायचे? माझ्या मते त्याचे उत्तर आपल्या अभ्यासक्रमातच आहे. मराठी एम. ए. ला आपण बखर वाङ्मय शिकतो. बखरीत घटना घडतात त्या माणसांच्या स्वभावातून, अहंकारातून, दैवातून. कोणी शपथ मोडतो, कोणी बेलभंडार उचलूनही फिरतो, कोणाची बुद्धी फिरते. ऐतिहासिक कादंबरीने हाच वारसा उचलला, आणि वाचकांनी तो डोक्यावर घेतला. ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘पानिपत’ (१९८८) यांच्या लोकप्रियतेचे एक कारण हेही आहे. या कलाकृतींचे सामर्थ्य व्यक्तिदर्शनात आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु विद्यार्थी जेव्हा कादंबरीतील ‘विश्वासघात’ हा शब्द उचलून इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत ठेवतो, तेव्हा अडचण सुरू होते.

कारण तो शब्द कोणालाही लावता येतो. पुण्याच्या नजरेतून निजाम आणि भोसले घातकी. श्रीरंगपट्टणाच्या नजरेतून साल्बाईवर सही करणारे पुणेकर घातकी. हैदराबादच्या नजरेतून पुण्याचा चौथाईचा तगादा हाच मैत्रीचा भंग. टोकियोच्या नजरेतून १९३९ साली बर्लिन घातकी, आणि बर्लिनच्या नजरेतून १९४१ साली मॉस्कोशी तटस्थ राहिलेले टोकियो. जो शब्द सर्वांनी सर्वांवर फेकता येतो तो कोणत्याच घटनेचे कारण सांगत नाही.

याच काळातील पत्रव्यवहार वाचला की निराळे जग समोर येते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली, वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. निजामाच्या दरबारी पुण्याचे वकील असलेल्या गोविंदराव काळ्यांसारख्यांची पत्रे अशा साधनांतून आपल्यापर्यंत आली. या पत्रांत खंडणीची बाकी असते, फौजेचा मुक्काम असतो, कोणत्या कारभाऱ्याचे कोणाशी बोलणे झाले याची बित्तंबातमी असते. स्नेह, सख्य, सलूख, एकदिली हे शब्द तेथेही येतात, पण ते लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला त्यांचे वजन नेमके ठाऊक असते. ती राजनीतीची परिभाषा आहे. या गद्याकडे आपण केवळ भाषिक नमुने म्हणून पाहतो. वास्तविक ते मराठीतील राजकीय विचाराचे सर्वांत प्रौढ गद्य आहे.

दुसरी बाजू फारसीत आहे, आणि तीही आपल्यापर्यंत पोहोचली ती आपल्याच एका माणसामुळे. लातूर जिल्ह्यातील निलंग्याला १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या प्रशासकीय सेवेत होते. त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली. ज्या सत्तेच्या चाकरीत आयुष्याचा एक भाग गेला तिच्या भाषेतून शत्रुमित्रांचे दोन्ही हिशेब वाचणारा हा अभ्यासक मराठवाड्याने दिला, याचे आपल्याला म्हणावे तितके भान नाही. १७२४ ते १९४८ हा निजामी राजवटीचा दोन शतकांहून मोठा काळ आज आपल्या स्मरणात अखेरच्या तेरा महिन्यांत आक्रसून गेला आहे. ते तेरा महिने भीषण होते आणि त्यांची स्मृती जपलीच पाहिजे. पण उदगीरचा, राक्षसभुवनचा, चौकडीचा आणि तैनाती फौजेचा इतिहास त्या स्मृतीखाली दडपला गेला तर त्या तेरा महिन्यांचाही अर्थ अपुरा राहतो. निजाम एकाकी का पडला हे मग कळत नाही.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या मित्रांना म्हणून एक सूचना करावीशी वाटते. बखरीचा पाठ घेताना त्याच प्रसंगाची दोन-चार पत्रे शेजारी ठेवावीत. उदगीरचा किल्ला तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे. विद्यार्थ्यांना तेथे नेऊन इब्राहिमखान गारद्याची गोष्ट सांगावी आणि विचारावे, हा माणूस कोणाचा? मग महायुद्धाचा धडा काढावा आणि ‘दोस्त राष्ट्रे’ हा शब्द फळ्यावर लिहावा. जर्मनी आणि जपान एकत्र का आले, याचे उत्तर विद्यार्थी त्यानंतर स्वतःच शोधू लागतील, आणि ते एका वाक्याचे नसेल.